चौतीस जणांची एकच भाषा

गजर उशिरा वाजावा असं कुणाला का वाटेल, हा प्रश्न शैलजा दुसानेला एका सोमवारी सकाळी पडला आणि पुढचे तीन आठवडे त्याने तिची पाठ सोडली नाही.

धुळ्याच्या एका खाजगी पॉलिटेक्निकमध्ये ती इन्स्ट्रुमेंटेशन शिकवायची. वय बावन्न. सकाळचा तास आटोपला की प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ती दोन तास 'प्राणदीप'चं काम बघायची. गेली अकरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. प्राणदीप हा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालवणारा प्रोग्रॅम. साथीच्या वर्षांत सिलिंडरसाठी माणसं दारोदार फिरत होती, तेव्हा तिने आणि वसईच्या आंतोन डाबरेंनी मिळून तो लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कोणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा. आता देशातल्या हजारो छोट्या दवाखान्यांत तो चालत होता.

कॉन्सन्ट्रेटरचं तत्त्व साधं आहे. हवेत नायट्रोजन जवळजवळ चार पंचमांश असतो. झिओलाइट नावाच्या खड्यांनी भरलेल्या नळकांड्यातून दाबाखाली हवा सोडली की खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. खडे भरले की हवा दुसऱ्या नळकांड्याकडे वळवायची आणि पहिल्याचा दाब काढून त्याला मोकळं करायचं. दर काही सेकंदांनी ही अदलाबदल होत राहते. ती करणारे व्हॉल्व्ह आणि बाहेर पडणारा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, या दोन्हींवर प्रोग्रॅमची नजर असते. ऑक्सिजन ब्याऐंशी टक्क्यांखाली गेला की बझर वाजलाच पाहिजे. व्हॉल्व्हचा भाग शैलजा सांभाळायची, गजराचा आंतोन. बाहेरून कुणी सुचवलेला बदल घ्यायचा की नाही, हे तपासून ठरवणारे परीक्षकही हेच दोघं.

त्या सोमवारी आलेल्या बदलावर नाव होतं 'के. मडावी'. मथळा होता, 'गजर रोखून धरण्याचा कालावधी वाढवणे'. ऑक्सिजन कमी झाला तरी ठरावीक परिस्थितीत बझर दीड मिनिट गप्प राहील, असं त्यात केलं होतं. दीड मिनिट गप्प. आणि खाली चौतीस जणांचा पाठिंबा. शैलजाने पहिला वाचला: 'सदर गजराचा अतिरेक रुग्णसेवेत अडथळा ठरत असल्याने प्रस्तावित बदलास माझा पाठिंबा आहे.' मग दुसरा, मग दहावा, मग तिसावा. शब्द इकडचे तिकडे, सूर तोच. सगळी खाती नवी. सगळी एकाच आठवड्यात उघडलेली.



दीड वर्षापूर्वी असं काही घडलंच नसतं. तेव्हा प्राणदीपमध्ये एक ओळ बदलायची तर माणसाला दोन रविवार घालवावे लागत. आधी सगळा कोड आपल्या संगणकावर उतरवा, मग तो चालवायची साधनं बसवा, चाचण्या करा, इंग्रजीत खुलासा लिहा, मग परीक्षकांचे टोमणे ऐका. महिन्याला सहा बदल आले तरी पुष्कळ. ज्यांना यंत्राचा खरा त्रास होता ते या वाटेला येतच नसत. मग 'उंबरठा' नावाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस आला. ओपन सोर्स, म्हणजे खुले प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या एका जागतिक मंडळाने तो बांधला आणि फुकट दिला. फोन उचला, आपल्या भाषेत अडचण सांगा. उंबरठा ती समजून घेई, कोड लिही, हजार वेळा तपासून पाही आणि व्यवस्थित खुलाशासह परीक्षकाच्या पुढ्यात ठेवी. महिन्याला सहाचे चारशे बदल झाले. शैलजाला तेव्हा आनंदच झाला होता. मंडळाच्या सभेत तिने भाषणही केलं होतं.

पण दोन रविवार घालवणाऱ्या माणसाबद्दल एक गोष्ट आपोआप कळायची, ती म्हणजे त्याला या कामाचं काहीतरी पडलेलं आहे. आता कष्टच उरले नव्हते, त्यामुळे कोण कशासाठी आलंय हे ओळखायची खूणही उरली नव्हती. गेल्याच वर्षी परदेशातल्या एका पाणी शुद्ध करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असाच एक नम्र, कामसू स्वयंसेवक शिरला होता. त्याच्या पाठीशीही शेकडो खाती होती आणि त्यांतलं एकही माणसाचं नव्हतं. तीन गावं आजारी पडल्यावर ते उघडकीला आलं.

तिने आंतोनला फोन लावला.

"आंतोनभाऊ, मडावीचा बदल पाहिलात?"

"पाहिला," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच शांत. "मला काही वावगं दिसलं नाही. घेऊन टाकू या का?"

"गजर दीड मिनिट बंद ठेवायचा, यात वावगं नाही?"

"तू म्हणतेस तर थांबू. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं कुणीतरी आपली परीक्षा बघतंय. माणसं मारायला विष लागत नाही भाऊ. बझर गप्प केला की झालं."

"मग बंद कर ते खातं," आंतोन म्हणाले. ते इतक्या पटकन कबूल होतील असं तिला वाटलं नव्हतं. एरवी ते एकेका ओळीवर तासभर वाद घालायचे.

शैलजाने तो बदल फेटाळला. मडावीचं खातं गोठवलं, चौतीसही गोठवली. आणि प्रकल्पाच्या फलकावर सगळ्यांना दिसेल अशी सूचना लावली: 'संघटित घुसखोरीचा संशय. के. मडावी या नावाने येणारं काहीही स्वीकारू नये.'

त्या आठवड्यात तिला सगळीकडे तोच यंत्राने लिहिल्यासारखा सूर ऐकू येऊ लागला. मुलांच्या जर्नलमध्ये, प्राचार्यांच्या परिपत्रकात. नाशिकच्या बहिणीने, पुष्पाने, वाढदिवसाचा चार ओळींचा छान निरोप पाठवला, तर हिने तिला उलट विचारलं, "हे तू स्वतः लिहिलंस का?" पुष्पाने उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी फोन करून एवढंच म्हणाली, "अक्का, तुला काय झालंय गं?"

नवव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, कार्यालयातल्या कारकुनाने निरोप दिला की कॉलेजच्या फोनवर कुणीतरी बाई आहेत, नाव सांगत नाहीत.

"दुसाने मॅडम का जी?" आवाज मध्यमवयीन, घोगरा. "मी कविता मडावी बोलून राहिली. कोसमटोला ग्रामीण रुग्णालय, जिल्हा गडचिरोली. स्टाफ नर्स आहो. तुम्ही मला घुसखोर म्हटलं."

"हा नंबर कुठून मिळाला?"

"तुमच्या कॉलेजच्या पाटीवरून. नेटवर फोटो आहे ना पाटीचा."

"तुमचा आवाज यंत्राचा नाही हे मी कशावरून समजू?"

"नका समजू," बाई म्हणाली. "मी भांडाले फोन नाई केला, मॅडम. शनिवारी बोरीटोल्याच्या उपकेंद्रात लालसू नरोटे वारले. तुमच्याच मशीनवर होते. रात्री ऑक्सिजन खरंच कमी झाला, पण बझर कोणाले ऐकू आला नाई, कारण त्यात बोळा होता. सगळ्याच मशीनीत बोळे आहेत. तेवढं सांगाचं होतं."

"बोळे? कसले बोळे?"

"कापसाचे. तुम्ही या ना इकडे. स्वतःच पाहा. मी कुठं पळून चालली?"

फोन ठेवल्यावर शैलजाने लालसू नरोटे हे नाव शोधलं. कुठेच सापडलं नाही. मग तिने स्वतःशी हिशेब मांडला: तिला लांब, अनोळखी ठिकाणी बोलावणं, तिच्या मनाला लागेल असा एक मृत्यू सांगणं, हा सगळा सापळाही असू शकतो. आणि नसला तर? आपण जी सूचना लावली ती सोमवारची. माणूस गेला शनिवारी. मध्ये पाच दिवस. तिने रजेचा अर्ज लिहिला. आंतोनला कळवलं नाही. का कळवलं नाही, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

बसने भुसावळ, रेल्वेने नागपूर, पुन्हा बस, शेवटी एक सहा आसनी रिक्षा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोसमटोल्याला उतरली तेव्हा फाटकापाशी पांढऱ्या कोटातली एक ठेंगणी बाई उभी होती. ओळखपत्र तिने आपणहून पुढे केलं. शैलजाने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि पाहताना तिची तिलाच लाज वाटली.

"पाहा, पाहा," कविता म्हणाली. "मीबी तुमचं पाहीन मंग."

वॉर्डात सहा कॉन्सन्ट्रेटर होते. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला, जिथून बझरचा आवाज बाहेर येतो त्या जाळीत, कापूस ठासून वर चिकटपट्टी मारलेली. कविताने एका यंत्राची पट्टी सोलून बोळा काढला.

"आता थांबा. वरच्या टाकीची मोटर सुरू होईल."

दहाएक मिनिटांनी कुठेतरी मोटर घुरघुरली. दिवे मंद झाले, परत उजळले. त्या क्षणी यंत्राच्या पडद्यावरचा ब्याण्णवचा आकडा शून्य झाला आणि बझर किंचाळू लागला. खाटेवरची म्हातारी दचकून उठली. कविताने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. पाऊण मिनिटाने आकडा आपसूक वर चढला आणि बझर थांबला. म्हातारीचा ऑक्सिजन क्षणभरही कमी झाला नव्हता.

"दिवसातून चाळीस वेळा," कविता म्हणाली. "मोटर, एक्स-रे, बाजूची पिठाची गिरणी. पेशंट झोपत नाई, नातेवाईक घाबरतेत, आम्ही धावतो. मंग कोणीतरी बोळा घालते. मी काढतो, दुसरी पाळी घालते. म्हणून मी त्या उंबरठ्याला सांगितलं की बाप्पा, करंट डुबकी मारला की थोडा धीर धरत जा."

शैलजा खुर्चीवर बसली. तिला दिवे मंद झाले त्याच वेळी सगळं कळलं होतं. वीज क्षणभर दबली की सेन्सर बंद पडून नव्याने सुरू होतो आणि गरम होईपर्यंत शून्य दाखवतो. हे काही नवं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तिनेच ते हेरलं होतं आणि सेन्सर नव्याने सुरू झाला तर एक मिनिट त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, अशी सोय प्रोग्रॅममध्ये स्वतः लिहून ठेवली होती. ती सोय असताना हे व्हायलाच नको होतं.

तिने लॅपटॉप उघडला. ती सोय तिथे नव्हती. पाच महिन्यांपूर्वी कुणा स्वयंसेवकाने उंबरठ्याला सांगितलं होतं की कोड जरा आटोपशीर करा, आणि उंबरठ्याने इतर साफसफाईबरोबर ते एक मिनिटही 'अनावश्यक प्रतीक्षा' म्हणून काढून टाकलं होतं. सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या, कारण चाचण्यांत वीज कधी दबतच नव्हती. कविताचा बदल म्हणजे तेच काढून टाकलेलं मिनिट, थोडं वाढवून, दुसऱ्या शब्दांत. स्वतःचंच काम परत आलेलं तिने ओळखलं नव्हतं आणि दारातून हाकललं होतं.

साफसफाईच्या त्या बदलाखाली मंजुरी होती: आंतोन डाबरे. बदल उघडल्यापासून मंजुरीपर्यंतचा वेळ, अकरा सेकंद. बदल नऊशे ओळींचा होता.

तिने आंतोनची त्या आधीची मंजुरी काढली. बारा सेकंद. त्या आधीची, अकरा. मागे मागे जात राहिली. गेल्या आठ महिन्यांत आंतोन डाबरेंनी सहाशे बदल मंजूर केले होते आणि एकालाही पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागला नव्हता.

"काय झालं जी?" कविताने विचारलं.

"काही नाही," शैलजा म्हणाली. मग म्हणाली, "बरंच काही. ते चौतीस जण कोण आहेत?"

ती पूर्ण विश्वासाने विचारत नव्हती. अजूनही नाही. कविताला ते कळलं असावं. तिने व्हरांड्यात दोन खुर्च्या ओढल्या आणि फोन काढला. "आमच्या ट्रेनिंगमधल्या सिस्टर. गडचिरोलीच्या, थोड्या छत्तीसगडच्या. उंबरठा बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याच फोनवर ठेवते. तुम्ही खाती बंद केली म्हणून मी सगळ्यांचे मागवून घेतले. ऐका."

पहिली हसत होती, तिला कुणीतरी मागून चिडवत होतं. दुसरी माडियात बोलली, कविताने अर्थ सांगितला. तिसरी हलबीत तावातावाने भांडत होती. एकीचं बोलणं मध्येच तुटलं, ती कुणाला तरी "सलाइन बंद कर आधी" म्हणाली आणि परत आली. एकीच्या मागे मूल रडत होतं. एकीला काय बोलावं सुचेना, ती नुसतं म्हणाली, "लई वाजते जी. बोळा घातला. बरं नाई वाटत." एवढंच. त्याचं उंबरठ्याने केलेलं रूप शैलजाला पाठ होतं: 'सदर गजराचा अतिरेक रुग्णसेवेत अडथळा ठरत असल्याने.'

चौतीस बाया, सहा भाषा, आणि त्या सगळ्यांना एकाच इस्त्रीखालून काढून उंबरठ्याने तिच्यापुढे ठेवलं होतं. त्यांची अडचण नीट कळावी म्हणून यंत्राने त्यांचं बोलणं सुधारलं, आणि ते इतकं सुधारलं की त्या माणसं वाटेनाशा झाल्या.

तिने चौतीसही ऐकले. ऊन व्हरांड्यातून मागे सरेपर्यंत दोघी बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कविता तिला बोरीटोल्याला घेऊन गेली. लालसू नरोटेंची मुलगी, सुनंदा, अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. कोण आलंय हे कविताने सांगितलं तेव्हा तिने हात पुसले आणि उभीच राहिली.

"बोळा मीच घातला होता," तिने विचारायच्या आधीच सांगितलं. "बाबाले झोप येत नव्हती आवाजानं. मी घातला. मंग मीही झोपली."

"तो आवाज खोटा होता," शैलजा म्हणाली. "दिवसभर उगाच वाजत होता. चूक प्रोग्रॅमची होती. तुमची नाही."

"कोणाचा प्रोग्रॅम?"

"माझा."

सुनंदाने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही हे काऊन सांगून राहिल्या?" ती म्हणाली. "कोणी पाठवलं तुम्हाले?"

कुणी पाठवलं नाही, हे सांगूनही ते खरं वाटलं नसतं. कविता गोंडीत बरंच काही बोलली. सुनंदाने ऐकलं, मान हलवली, पण परत निघताना ती फाटकापर्यंत आली नाही.

धुळ्याला न जाता शैलजा थेट वसईला गेली. आंतोन डाबरेंचं घर तिला ठाऊक होतं. पूर्वी दोन नाताळ तिने तिथे घालवले होते. साठी ओलांडलेला उंच माणूस, एकटा राहणारा. दार त्यांनीच उघडलं.

"शैलजा," तिने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "चालण्यावरून ओळखलं. ये."

तिने वाटभर वाक्यं जुळवली होती. कुणी विकत घेतलं तुम्हाला, कधीपासून, हे सगळं. ती बसली. त्यांनी चहा केला. कपात चहा ओतताना त्यांनी तर्जनी कपाच्या काठावरून आत धरली होती. चहा बोटाला लागल्यावर ते थांबले. मग दुसरा कप. मग ट्रे घेऊन टेबलाची कड मांडीने चाचपत आले.

तिने ट्रे त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला.

"किती दिवस झाले?"

त्यांनी कोणत्या गोष्टीला, असं विचारलं नाही. "उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. साखर. डावा गेल्या दिवाळीपासून. उजेड कळतो, एवढंच."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, भाऊ, आता विश्रांती घ्या."

"हो. म्हटलं असतं."

"तेच." त्यांनी कप तिच्या दिशेने सरकवला. अंदाज थोडा चुकला. "सुरुवातीला यंत्राकडून कोड वाचून घ्यायचो, ओळ न् ओळ. पण महिन्याला चारशे बदल यायला लागले. मग नुसतं विचारायला लागलो, यात काही धोका आहे का? ते म्हणायचं, नाही. मी म्हणायचो, मग घे."

"कुणाला विचारायचात?"

"उंबरठ्याला."

"ज्यानं लिहिलं, त्यालाच."

आंतोन कपाच्या काठावरून बोट फिरवत राहिले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

तिने त्यांना सगळं सांगितलं. काढून टाकलेलं मिनिट, बोळे, लालसू नरोटे, त्यांची मुलगी. ते पुतळ्यासारखे बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी मारला त्याला."

"कविताचा बदल मी घेतला असता तरी तो बोरीटोल्याला पोचायला दहा दिवस लागले असते," शैलजा म्हणाली. "मी हा हिशेब रेल्वेत करून बघितला. त्यानं ओझं हलकं होत नाही. तुमचे पाच महिने, माझे पाच दिवस. मी खऱ्या माणसांना यंत्र समजले, आणि तुम्ही..." तिने वाक्य सोडलं. "भाऊ, मंजुरीचा अधिकार परत द्या."

"मी वाईट हेतूनं केलं असं वाटतं तुला?"

तिला नाही म्हणायचं होतं. अकरा वर्षांचा माणूस. पण तीन आठवड्यांपूर्वी कुणी विचारलं असतं की आंतोनभाऊ न वाचता सही करतील का, तर तिने तेव्हाही नाहीच म्हटलं असतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आता मला कुणाबद्दलच माहीत नाही."

त्यांनी आपला अधिकार तिथेच, तिच्यासमोर, बोलून रद्द केला. यंत्राने खात्री करण्यासाठी दोनदा विचारलं आणि त्यांनी दोनदा हो म्हटलं. ती निघाली तेव्हा ते दारापर्यंत आले नाहीत.

त्या आठवड्यात तिने फलकावर नवी सूचना लावली. उंबरठ्याची मदत न घेता, स्वतःच्या बोजड भाषेत, काय काय घडलं ते नावनिशीवार लिहिलं. स्वतःचं नाव पहिलं. आंतोनबद्दल लिहिताना ती बराच वेळ अडली. शेवटी त्यांना फोन करून विचारलं. "लिही," ते म्हणाले, "डोळ्यांचंही लिही." मग कविताचा बदल स्वीकारला, तिचं आणि त्या चौतीस जणींची खाती खुली केली, तिची माफी मागितली आणि नियम बदलले. उंबरठा राहील, पण प्रत्येक बदलाबरोबर सांगणाऱ्याचा मूळ आवाज जोडलेला असेल. परीक्षकाने तो पूर्ण ऐकायचा, गरज पडली तर फोन करून बोलायचं. आणि दोन परीक्षकांपैकी एक जण रोज रुग्णाशेजारी उभा राहणारा असेल.

चारशेचे साठ बदल झाले. जगभरातून टीका आली, बाईंनी दार पुन्हा अरुंद केलं म्हणून. टीका खोटी नव्हती. आपल्या आवाजाची भीती वाटणारी माणसं परत फिरली, हे तिलाही दिसत होतं. काही जणांनी तर असंही विचारलं की आवाज काय, तोही बनवता येतोच की. तिने फोन करणं चालू ठेवलं. कॉलेजात मुलं तिला 'फोनवाल्या मॅडम' म्हणू लागली.

दुसरी परीक्षक कविता झाली. कोड तिला वाचता येत नव्हता. पण हा बदल वॉर्डात आला तर कोण काय करेल, हे ती अचूक सांगायची. तिने पहिल्या महिन्यात अकरा बदल अडवले, त्यांतले चार शैलजाचे.

सात महिने गेले. आंतोनचा फोन आला नाही, तिनेही केला नाही. दोनदा नंबर काढला, तेवढंच.

मग एका सकाळी रांगेत एक नवा बदल होता. खातं नवं, कालच उघडलेलं. शैलजाने कानाला इयरफोन लावले. आवाजापाठोपाठ लांबून चर्चची घंटा येत होती.

"माझं नाव आंतोन डाबरे. मी वसईला राहतो. मला दिसत नाही. आता माझ्याही घरी हे यंत्र आहे, छातीच्या त्रासामुळं. माझी अडचण अशी की ऑक्सिजन कमी झाल्याचा गजर आणि हवा ओलसर करणाऱ्या बाटलीतलं पाणी संपल्याचा गजर, दोन्ही सारखेच वाजतात. डोळस माणूस पडदा बघतो. मी काय करू? एक लांब आणि एक तुटक करता येईल का, एवढं बघा." मग थोडा श्वास घेतल्याचा आवाज. "घाई नाही. नीट वाचून घ्या."

तिने ते दोनदा ऐकलं. आतल्या आत तिने बदल मंजूरही करून टाकला होता, आणि त्याच वेळी कोडच्या प्रत्येक ओळीत काहीतरी लपलंय का हे शोधतही होती. ही दोन्ही कामं ती एकाच वेळी करत होती हे लक्षात आल्यावर तिने हात काढून घेतला आणि बदल कविताकडे वळवला. खाली स्वतःचं मत लिहिलं नाही.

दुपारी कविताचा फोन आला.

"मॅडम, तो दोन गजरांचा बदल पाहिला. चांगला आहे. आमच्याकडंबी रात्रपाळीले कामी येईल. पण हे डाबरे... तेच का जी? तुम्ही लिहिलं होतं ते?"

"तेच असतील."

"असतील म्हणजे? आवाज त्यांचाच आहे ना? तुम्ही तर ओळखता."

शैलजाने खिडकीबाहेर पाहिलं. मैदानात मुलं कसल्याशा सर्किटभोवती वाकून उभी होती.

"मला वाटतं त्यांचाच आहे," ती म्हणाली. "पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. नंबर देते. तू फोन कर आणि स्वतः बोल."

"आणि तुम्ही?"

"तुझं झालं की," शैलजा म्हणाली, "मीही करेन."